शिशाच्या पेटीतला नैवेद्य

बरगीच्या पुढे डोंगराच्या पोटात जी प्रयोगशाळा खणली, ती इतकी खोल, की तिथे मोबाइलची रेंज सोडाच, वरिष्ठांचा रागही पोचत नसे. आकाशातून अहोरात्र अदृश्य कणांचा मारा होतो. तो डोंगराने अडवावा, तारे ज्या अणुक्रियेवर जळतात ती खाली यंत्रात घडवावी आणि तिचे किरण निवांत मोजावेत, असा बेत. तारे बघायला पाताळात उतरलेल्या या मंडळींचे प्रमुख भय्यासाहेब.

वर्षं गेली, पण त्या किरणांची रेषा, म्हणजे मंडळींच्या भाषेत तारा, काही सापडेना. भय्यासाहेबांची निवृत्ती दाराशी आली, आणि मुदतवाढ द्यायची की नारळ, ते ठरवणारी समिती मंगळवारी यायची होती. त्यांचे वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतले. तिथे दसऱ्याला लेथ मशीनही नैवेद्याशिवाय राहत नसे. भय्यासाहेबांनी सोमवारी प्रयोगशाळेतच सत्यनारायण घातला आणि कुणी बघत नाही असं पाहून केळ्यांची फणी थेट मोजणीयंत्राशेजारी, त्याच्याभोवतीच्या शिशाच्या जाड पेटीत ठेवली. गाभारा म्हणजे आणखी काय असतं?

सकाळी पडद्यावर भली उंच रेषा.

"सापडला तारा," भय्यासाहेब नम्रपणे म्हणाले. नम्रपणा सवयीचा नसल्याने जरा घट्ट बसत होता.

"सर, पण अणुक्रियेचं मशीन रात्रभर बंद होतं, नुसतं मोजणीयंत्र चालू होतं," त्यांची विद्यार्थिनी यशश्री म्हणाली.

"तू काहून इतक्या शंका काढून राहिली, बेटा?"

"ही रेषा पोटॅशियमची आहे. पेटीत काही ठेवलं का?"

"देवाचं आहे ते."

तिने पेटी उघडली. "सर, केळ्यात पोटॅशियम असतं. त्यातलं थोडं किरण सोडतं."

"सगळ्याच केळ्यांत?"

"बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्यासुद्धा."

तेवढ्यात समितीला घेऊन लिफ्ट खाली आली. तारा सांगावा तर मुदतवाढ पक्की, पण मागाहून जगभर हसं. केळं सांगावं तर उद्यापासून घरी मटार सोलणं. भय्यासाहेबांनी धीर यावा म्हणून एक केळं खाल्लं.

"तारा नाही सापडला, साहेब," ते समितीच्या अध्यक्षांना म्हणाले. "केळी सापडली."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "अच्छा. म्हणजे बंद पेटीतलं केळं हे यंत्र ओळखतं?"

"ओळखतं."

समिती वर्षानुवर्षं प्रोटॉन ऐकून माना डोलवत आली होती. तिला समजलेली विज्ञानातली ही पहिलीच गोष्ट. पेरू ओळखेल का, असं एका सदस्याने विचारलं. दुपारपर्यंत पेरू झाला, बटाटा झाला, अध्यक्षांचा जेवणाचा डबा झाला. मुदतवाढ एकमताने मिळाली.

"सर, ताऱ्याचं काय करायचं?" यशश्रीने विचारलं.

"चलो, आधी ते सीताफळ धू," भय्यासाहेब म्हणाले. "साहेब थांबून राहिले."