परवा धावपट्टी बंद

माणिकपूरला, शाळेच्या गणवेशांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. लोकांना वाटतं आम्ही तिकिटं विकतो. आम्ही खासगी जेटसाठी इंधन ठरवतो: मुक्कामापर्यंत किती लागेल, तिथे उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत किती, आणि त्यावर अर्धा तास शिल्लक. बावीस वर्षं हेच करतेय मी, तरी माझी जाऊ विचारते, "जॉयस, गोव्याचं स्वस्तात मिळेल का गं?" मिळेल हो, कप्पाळ!

त्या बुधवारी नथूशेठचं विमान पहाटे पाचला मुंबईहून सुटलं होतं. नथूशेठ आमच्याच खाडीकाठचे, नालासोपाऱ्यात इमारती बांधून मोठे झालेले. त्यांचा धाकटा भाऊ युरोपात, डोंगरातल्या एका शहरात, इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता. "जिवंतपनी भेटू दे, बाकी काय नको," असं मला फोनवर म्हणाले होते. नऊ तासांचा प्रवास. डोंगरातल्या विमानतळावर धुक्याचा अंदाज होता. धुकं पडलंच तर समुद्राकडच्या विमानतळावर वळायचं, असा आराखडा माझ्या सहकाऱ्याने, हरेशने, मंगळवारी केला होता.

बुधवारी नऊला येऊन मी तो वाचला आणि ओरडलेच. "अरे, समुद्राकडचं आज बंद आहे! मी रजिस्टरात लिहिलं होतं ना?"

हरेश रात्रपाळी संपवून घरी निघाला होता. त्याने रजिस्टर पुढे केलं. सोमवारचं माझंच अक्षर: 'समुद्राकडचं विमानतळ, परवा धावपट्टी बंद.' तारीख नाही, आहे-होती काही नाही.

"मॅडम, मला वाटलं परवा बंद होती. म्हणजे आता उघडली असेल."

"अरे शहाण्या, परवा म्हणजे येणारा परवा!"

"मग गेलेल्या परवाला काय म्हणायचं?"

विमानतळाची मूळ सूचना त्याने पुन्हा तपासायला हवी होती, पण माझ्या भरवशावर त्याने तपासली नाही. रजिस्टर मराठीत लिहायचा हट्ट आमच्या साहेबांचा, प्लासिड सरांचा. तारीख घालू नको असं मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला माझाच भयंकर राग आला.

तिसरं विमानतळ तीस मिनिटं आणखी लांब होतं. शिल्लक अर्ध्या तासाला हात लावायचा नसतो, आणि त्याशिवाय तेवढं इंधन विमानात नव्हतं. टाकीत जागा होती, पण आराखड्याप्रमाणे गरज नव्हती म्हणून भरलं नाही. आता एक तर धुकं पडणार नाही असं मानून जाऊ द्यायचं, नाहीतर वाटेत कुठेतरी उतरवून भरून घ्यायचं. त्यात दीड तास जाणार.

हरेश हळूच म्हणाला, "धुकं पडेलच असं नाही, मॅडम. शेठचा भाऊ..."

"आणि पडलं तर? मग दोघा भावांची भेट थेट वरच व्हायची."

मी कॅप्टनला संदेश पाठवला. विमान वाटेत उतरलं, इंधन घेतलं, पुन्हा उडालं. आपल्याकडे साडेतीन वाजले तेव्हा ते डोंगरात टेकलं. तिथे लख्ख ऊन होतं. सकाळपासून धुक्याचा मागमूस नव्हता.

सहाच्या सुमारास नथूशेठचा फोन आला. हरेश माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तो घरी गेलाच नव्हता.

"ताय, इमान मधी कशाला उतरवलं?"

नियम आहे, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण जिभेवर येईना.

"माझी चूक झाली, शेठ. मी नीट लिहिलं नाही. म्हणून इथून निघतानाच इंधन कमी भरलं गेलं."

मागे कुणीतरी बाई रडत होती.

"आमी पोचलो तवा," नथूशेठ म्हणाले, "त्याचा हात अजून गरम व्हता."