वर्डेलच्या मुली

बायको वर्डेल गेल्याचा फोन आला तेव्हा लेम्युएल चर्चची गाडी चालवत होता. मागे डायलिसिसला निघालेली चार म्हातारी माणसं होती. त्याने गाडी तशीच पुढे नेली. एकेकाला हात धरून दवाखान्याच्या दारात उतरवलं, आणि मग तिथल्या पायरीवरच बसकण मारली. मेम्फिसच्या उन्हात आपण किती वेळ बसलो, ते त्याला आठवत नाही.

वर्डेल शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पोरं मोठी झाल्यावर ती कॉम्प्युटर शिकायला कॉलेजात गेली. वर्गात ती एकटीच काळी बाई. पहिल्या दिवशी कोणीतरी तिला सफाईवाली समजून म्हणालं, "तो कचऱ्याचा डबा भरलाय." तिने डबा रिकामा केला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. पुढे सॉफ्टवेअरची नोकरी लागली, तरी शनिवार तिने वस्तीतल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायला दिला, आणि तोही वेण्या घालायच्या दुकानात.

"बारीक वेण्यांसाठी सहा-सहा तास खुर्चीत बसतात," ती म्हणायची. "डोकं दुसरीच्या हातात, पण यांचे हात मोकळेच की!"

मांडीवर लॅपटॉप देऊन तिने कितीतरी मुली तयार केल्या.

चर्चच्या गाडीचं कामही तिनेच कॉम्प्युटरवर बसवलं होतं. दवाखाना नावं पाठवी, आणि कोणाला कुठून घ्यायचं ते लेम्युएलच्या फोनवर येई.

दफन झालं. चर्चच्या हॉलमध्ये सगळे जेवायला बसले. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याची पोळी. लेम्युएलचा फोन वाजला. सोमवारची सात नावं आली होती, पण पुढे पत्ते नव्हते. एक फेरी चुकली तर त्यातलं कोणीतरी दगावलं असतं.

त्याने फोन केंड्रियाला दाखवला. ही वर्डेलच्या शनिवारच्या मुलींतली, आता कॉलेजात होती. तिने ताट बाजूला सारलं आणि लॅपटॉप उघडला.

"लेम काका, बाईंनी पत्त्यांपुढे आपली हाक मारायची नावं घातलीत. पुडिंग, टबी, बिग बेबी. दवाखाना पाठवतो कागदावरची. बाई बहुतेक स्वतःच जुळवून द्यायच्या."

"मग कागदावरची घाल."

"मला कुठं माहितीयेत? तुम्हाला?"

या माणसांची लेम्युएल वर्षानुवर्षं ने-आण करत होता. पण त्यांच्या चर्चमध्ये माणसाचं खरं नाव कळायचं ते अंत्यविधीच्या पत्रिकेवरच.

केंड्रिया दोन मैत्रिणींना घेऊन टेबलांमधून फिरू लागली. पहिली गाठ पडली मदर पुडिंगशी. चर्चमधल्या थोरल्या बायकांना सगळे मदर म्हणत, आणि त्यांत या सगळ्यात थोरल्या.

"मदर, तुमचं खरं नाव काय?"

"मेले की छापून येईल, तेव्हा वाच!"

हॉल हसला. लेम्युएल उठून उभा राहिला.

"मदर, वर्डेलचं आज छापून आलंय. तुमचं जिवंतपणी सांगा."

मदर पुडिंगनी काटा खाली ठेवला. "यूजीनिया मे क्लेबर्न. कोणी हसलं तर याद राखा."

मग एकेक जण सांगू लागला. चर्चचा कारभार बघणारे डीकन टबी मात्र केंड्रियाच्या कानात कुजबुजले.

"मोठ्यानं, डीकन," केंड्रिया म्हणाली.

"हायसिंथ."

"अगं बाई! फुलाचं नाव!" मदर पुडिंग म्हणाल्या. "इतकी वर्षं याच्याशी भांडले, आणि हे मला आज कळतंय!"

तिघी एकाच लॅपटॉपवर वाकल्या. एकीने लिहिलं, दुसरीने चूक काढली, तिसरीने ती मान्य केली नाही. बराच वाद झाला. शेवटी एका माणसाची दोन्ही नावं राहतील अशी सोय झाली. लेम्युएलच्या फोनवर सात पत्ते आले, ओळीने, जवळचा आधी.

त्याने ते दोनदा वाचले. "शिकलात गं पोरींनो," एवढंच तो म्हणाला.

केंड्रिया अजून लॅपटॉपवर खाली खाली वाचत होती.

"काका, हे फक्त न्यायचं आहे. परत आणायचा भाग बाईंनी नुसता सुरू केलाय."

"तुला जमेल?"

"वेळ लागेल."

सोमवारी सातही जण वेळेत पोचले. त्यांना घरी परत आणायचं मात्र कॉम्प्युटरवर अजून कोणी लिहिलेलं नाही; ते लेम्युएल स्वतःच बघतो.