एकही चूक नसलेली कादंबरी

संध्याकाळची प्रार्थना होईपर्यंत कोणाच्याही कामाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही, हा माझा रोजचा नेम आहे. सकाळी अंघोळ, जप, मग कादंबरीचं एक प्रकरण आणि मग स्वयंपाक. कादंबरी आजकालचीच घेते. आत्ता आपल्या शेजारून चालणारी माणसं घरी जाऊन काय लिहितात, याची मला फार उत्सुकता. उघडलेलं पुस्तक अर्धवट सोडायचं नाही, हाही नेमच. त्यामुळे काही पुस्तकं वाचून झाली म्हणण्यापेक्षा पार पडली असंच म्हणावं लागतं.

दिवसा कोणी विचारलं, "कशी आहे गं?" तर मी नुसतं "हं" म्हणते. प्रार्थना झाली की बोलते. या नेमाचा फायदा असा की सकाळचा राग तोवर बराच निवतो. त्यातला अर्धा पुस्तकावरचा नसतोच, दूध उतू गेलेलं असतं. उरला तेवढा खरा. पण घरच्यांनी त्याची गंमत करून टाकली आहे. मी डोळे उघडते न उघडते तोच आमचे यजमान आरोळी ठोकतात, "या रे या! हिची प्रार्थना संपली, आता लेखकाने सुरू करावी!"

यजमानांचं चष्म्याचं दुकान घराच्या खालीच आहे. रस्त्यापलीकडे माझ्या नणंदेचं पार्लर. ती यजमानांची धाकटी बहीण. तिला सगळे कात्री म्हणतात. हातातलीवरून की तोंडातलीवरून, यावर अजून एकमत झालेलं नाही. पार्लर बंद करून ती रोज वर येते, दिवसभर उभं राहून दुखणारे पाय समोरच्या खुर्चीवर टाकते आणि म्हणते, "हं वहिनी, आज कोणाची पाळी?"

एकदा मी म्हणाले, "त्या बाईला कोणीतरी खिडकीतून बाजूला करा गं. पहिल्या पानावर उभी राहिलीय, पुस्तक संपलं तरी तिथेच. बाहेर बघते, श्वास सोडते, परत बाहेर बघते."

"माझ्याकडे पाठव," कात्री म्हणाली. "उभं राहायची सवय आहे ना? उद्यापासून कामावर."

दुसऱ्या एका कादंबरीतली नायिका प्रवास करायची, प्रेमात पडायची, रडायची, पण जेवायची म्हणून नाही. मला तिची इतकी काळजी लागली की प्रेमाकडे लक्षच जाईना. आणखी एकीत प्रकरणं उलटी लावली होती. माणूस आधी मरतो, मग आजारी पडतो आणि शेवटच्या प्रकरणात लग्न करतो. "मग शेवट बरोबर आहे की," यजमान म्हणाले. "शोकांतिकाच असणार ती." शिवाय हल्ली पहिल्या पानावर आई गेल्याशिवाय कोणाची कादंबरी सुरूच होत नाही, हे माझं जुनं दुखणं.

आवडलेलीही असायची. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दोन भावांची एक होती. त्यांचा अबोला, आणि दिवसभर एकाचा दोर दुसऱ्याच्या हातात. ती वाचनालयात परत देताना टेबलावर ठेवली तरी माझा हात तिच्यावरून उठेना. पण आवडलेल्या पुस्तकावर मी दोन वाक्यांत गप्प होते. कात्रीला ऐकायला आवडायचं ते दुसरं. ती हसायची, माझी नक्कल करायची आणि सगळं लक्षात ठेवायची. का लक्षात ठेवायची, ते मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती वर आली ती पायही न पसरता. पिशवीतून कागदांचा जाडजूड गठ्ठा काढून तिने माझ्यासमोर ठेवला.

"कादंबरी आहे. मी लिहिलेली."

यजमानांच्या हातातला बारका स्क्रू खाली पडला. "तू? अगं, तू गप्प कधी बसलीस लिहायला?"

"दादा, तू स्क्रू शोध." मग ती माझ्याकडे वळली. "प्रकाशकबाईंनी छापायचं कबूल केलंय. परवा सही करायची आहे. पण तू हो म्हणालीस तरच करणार."

"मी कोण गं?"

"तू वाचणारी." तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "वहिनी, इतकी वर्षं केस कापतेय. कितीही जीव ओतून कापले तरी महिन्याभरात वाढून जातात. माझं केलेलं काहीच राहत नाही गं. हे राहील. म्हणून खरं सांग."

मी गठ्ठा कपाळाला लावला आणि ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी एका प्रकरणावर न थांबता सगळीच वाचली. कमी वाचू नये असा माझा नेम आहे, जास्त वाचू नये असा नाही.

नायिका पहिल्याच प्रकरणात पोटभर जेवली. मला बरं वाटलं. दुसऱ्यातही जेवली. तिसऱ्यात तर सगळं घर पंगतीला बसावं तसं जेवायला बसलं, आणि पुढेही कोणी उपाशी राहिलं नाही. खिडक्या होत्या, पण लोक त्या नुसत्या उघडत आणि लावत. प्रकरणं सरळ क्रमाने चाललेली. नायिकेची आई ठणठणीत, शेवटच्या पानापर्यंत दर रविवारी फोन करणारी. भाषा स्वच्छ. जिथे जिथे मी बोट ठेवलं असतं, तिथे तिथे तिने आधीच सारवून ठेवलं होतं.

शेवटचं पान मिटून मी स्वयंपाकाला लागले. भाजी चिरताना नायिकेचं नाव आठवू गेले, तर आठवेना. फोडणी दिली, तरी आठवेना. डोळ्यांसमोर येत होती ती भलतीच, ती खिडकीत उभी राहणारी.

तेवढ्यात दारावर थाप. भरदुपारी कात्री हजर. अंगात कामाचा एप्रन, एप्रनला क्लिपा तशाच लावलेल्या, एका हातात रंगाचा ब्रश.

"अगं, गिऱ्हाईक नाही का?"

"आहे. डोक्याला रंग लावून बसवलीय. मला राहवेना. सांग."

"संध्याकाळी ये ना."

"मुद्दाम आत्ता आलेय. आत्ता तुला वाईट बोलता येत नाही."

"पण खोटंही बोलता येत नाही गं मला."

ब्रशचा थेंब लादीवर पडला.

"म्हणजे वाईट आहे," ती म्हणाली. "चांगली असती तर आत्ताच बोलली असतीस."

मी घाईघाईने म्हणाले, "सगळे वेळच्या वेळी जेवतात. ते मला फार बरं वाटलं."

"ते तुझ्यासाठीच घातलंय!" ती ओरडली. "तूच म्हणाली होतीस ना, जेवत नाहीत म्हणून? खिडकीत कोणी उभं आहे का? नाही. आई मेली का? दोनदा मारावीशी वाटली, नाही मारली. तू जे जे म्हणालीस ते एकूण एक टाळलंय मी!"

एवढं बोलून ती थांबली. ती आल्या पावली निघून गेली.

त्या संध्याकाळी माझं प्रार्थनेत लक्ष लागलं नाही, हे मी देवालाच सांगून टाकलं. डोळे उघडले तर कात्री समोर बसलेली, आणि यजमान चक्क गप्प.

"बोल," ती म्हणाली.

"तुझ्या कादंबरीत एकही चूक नाही," मी म्हणाले. "मी शोधल्या. नाहीत. आणि मला ती आठवतही नाही."

"म्हणजे काय?"

"ज्या पुस्तकांना मी इतकी नावं ठेवते ना, ती सगळी माझ्या घरात राहायला आलीत. ती खिडकीतली बाई अजून माझ्या ओट्यापाशी उभी असते. त्या उपाशी मुलीला एखाद्या दिवशी ताट वाढीन, असं वाटतं. तुझी मुलगी मला कुठे लागली नाही, टोचली नाही. पाहुणी यावी, चहाही न घेता जावी, तशी गेली. सकाळी वाचली आणि दुपारी तिचं नाव आठवत नव्हतं मला."

"नाव आठवत नाही?" कात्री ताडकन उठली. "इतकं साधं नाव! घरातल्या पोरासोरांना आठवेल असं नाव! तिचं नाव..."

ती तोंड उघडं ठेवून उभी राहिली. यजमानांनी चष्मा कपाळावर चढवला. कात्रीने डोळे मिटले, उघडले, आणि शेवटी हळूच हात लांबवून गठ्ठ्याचं पहिलं पान उलटून बघितलं.

यजमान आधी हसले. तिने तोच गठ्ठा त्यांच्या पाठीत घातला. मग स्वतः मटकन खाली बसली आणि तिला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तेही खरंच होतं. मी तिचा हात धरून बसले.

"आणि या गठ्ठ्यातल्या बाईपायी," ती नाक पुसत म्हणाली, "दुपारी माझ्या मुख्याध्यापिका गेल्या हो!"

"कुठे गेल्या?"

"तुझ्याकडे पळत आले ना, तेव्हा त्याच बसल्या होत्या रंग लावून. परत जाऊन धुतलं, तर केस गाजराच्या रंगाचे! उद्या शाळेत प्रार्थनेला उभं राहायचंय त्यांना." कात्री उठली, पाठ ताठ केली, हनुवटी वर घेतली, आणि आमच्यासमोर साक्षात मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. "आरशात बघतात. बराच वेळ बघतात. मी मागे उभी, टॉवेल धरून. मग म्हणतात कशा, 'मुलांची काळजी नाही, ती घाबरून वर बघतच नाहीत. आणि आमच्या ह्यांना तुमच्या भावाने चष्मा करून दिलाय, त्यामुळे त्यांना काही दिसायचं नाही.'"

"तो नंबर बरोबर होता!" यजमान ओरडले. "त्यांनीच चाचणीची पाटी पाठ करून म्हणून दाखवली!"

मी पदरात तोंड घालून हसत होते. पोट दुखायला लागलं. हसू ओसरल्यावर यजमान स्क्रू पिळत सहज म्हणाले, "असलं काही आलंय का गं पुस्तकात?"

"नाही आलं."

"का?"

कात्रीने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही म्हणाली असती, पार्लरातली बडबड फार झाली."

"म्हणाले असते," मी कबूल केलं.

"मग?"

"मग विसरले नसते."

कात्री उठली. गठ्ठा पिशवीत घालून, पायात चपला सरकवून जिना उतरली. तिचं पहिलंवहिलं पुस्तक हातातोंडाशी आलेलं, ते माझ्या दोन वाक्यांनी गेलं तर काय, या विचाराने मला जेवण गेलं नाही. यजमानांनी माझ्या ताटातली पोळी उचलली आणि म्हणाले, "आता तू कादंबरीतली झालीस."

सकाळी जप आटोपून मी तडक पार्लरात गेले. कात्री फोनवर होती. फोन स्पीकरवर टाकून आरशाखाली ठेवलेला, कारण दोन्ही हात एका बाईच्या केसांत.

"मागे घेते म्हणजे?" प्रकाशकबाईंचा आवाज चांगलाच चढला होता. "लोक माझ्या दारात बसून असतात आणि तुम्ही सहीच्या दिवशी मागे घेता? कारण काय?"

"तिच्यात एकही चूक नाही, बाई."

"काय?"

"मलाच नायिकेचं नाव आठवलं नाही. दुसरी देते. चुकांसकट."

खुर्चीतल्या बाईने मान हलवायची सोडून दिली. मी दाराची मूठ धरून मनात नाम घेत होते.

"वचन देत नाही," प्रकाशकबाई म्हणाल्या. "पहिलं प्रकरण पाठवा. आवडलं तर बघू, नाहीतर नाही. कधी द्याल?"

कात्रीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "वहिनीला न दाखवता लिहिलं, तर लवकर."

त्या दिवसापासून मला पार्लरात दुपारची बंदी आहे. दुपारी गर्दी नसते. तेव्हा ती लिहिलेलं बसलेल्या बायकांना वाचून दाखवते. पहिलं प्रकरण गेलं. प्रकाशकबाईंचा निरोप आला, तोही एका शब्दाचा: "पुढचं?" कात्रीने तो रस्त्यातूनच ओरडून आम्हाला सांगितला, तेव्हा यजमानांनी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा घातला.

काल मी किराणा घेऊन पार्लरावरून जात होते. काचेच्या दाराशी पाय आपोआप थांबले. आत वाचन रंगात आलेलं. एका बाईच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दुसरीच्या चेहऱ्यावर पांढरा लेप, आणि मधोमध गाजरी केसांच्या मुख्याध्यापिका खुर्चीच्या हातावर बुक्की मारत हसत होत्या. त्यांनी रंग बदललाच नाही, शाळेत आवडला म्हणे. काचेतून शब्द येत नव्हता, नुसते हलणारे खांदे दिसत होते.

मग कात्रीने कागद खाली ठेवले. खुर्चीत अगदी हळू, जपून बसली. पदर नसताना दोन्ही खांद्यांवरून पदर ओढल्यासारखं केलं, हात मांडीवर ठेवले, मान थोडी कलती केली आणि सगळ्या जगाला क्षमा केल्यासारखे डोळे मिटले. एक डोळा हळूच उघडला. सगळ्या पार्लरात हशा फुटला. लेपवाल्या बाईच्या लेपाला तडे गेले.

यजमान माझ्यामागे येऊन कधी उभे राहिले, कळलं नाही. तेही काचेला नाक लावून बघत होते.

"ही कोण म्हणायची?" त्यांनी विचारलं. मिशीतलं हसू मला काचेत दिसत होतं.

"असेल कोणीतरी," मी म्हणाले. हसताना पिशवीतले बटाटे एकेक करून पायरीवर पडत होते, आणि मला ते उचलायचं सुचत नव्हतं. "अहो, ते दार जरा ढकला ना. काही ऐकूच येत नाहीये."