निळ्या शेपटीचा पोपट

द्वारकाबाईंनी ते कापड शेजारच्या भानुमतीबाईंकडे दिलं, ते फक्त धुऊन चौकटीत बसवायला. जुनं पिवळट मॅटीचं कापड. वर फुलीच्या टाक्यांत मुळाक्षरं, मधे तुळशीवृंदावन, खाली समोरासमोर दोन पोपट आणि कोपऱ्यात नाव, 'आवडा'.

आवडा ही द्वारकाबाईंची थोरली बहीण. अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या वर्षी, तिनं हे शाळेत भरायला घेतलं, घरी पुरं केलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. तिचा फोटो कुणी काढलेला नव्हता.

पन्नास वर्षांनी हेमचंद्र नावाच्या पुण्याच्या गृहस्थांनी ते पाहिलं. शाळकरी मुलींच्या भरतकामाचे जुने नमुने ते जमवत. प्रदर्शनात लावू, खाली आवडाचं नाव आणि गाव लिहू, असं ते म्हणाले होते. बहिणीचं नाव चार लोकांनी वाचावं, एवढंच द्वारकाबाईंना हवं होतं.

भानुमतीबाईंचा जन्म मुलींना शिवण शिकवण्यात गेला होता. अजूनही औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या ओट्यावर दुपारी गल्लीतल्या पोरी सुईदोरा घेऊन बसत. बाई कधी रागावत नसत. टाका चुकला की कापड हातात घेत, हलकेच उसवत आणि नीट घालून दाखवत. उसवलेला दोरा पुन्हा वापरायचा नाही, हा त्यांचा नियम.

कापड धुताना उजवा पोपट त्यांच्या डोळ्यांत खुपला. अंग हिरवं आणि शेपटी निळी. टाकेही ओढाताणीचे. पोर दमली असेल, बाईंना वाटलं. पुण्याचे जाणकार हे बघून हसतील. त्यांनी शेपटी उसवली, हिरवा दोरा चहाच्या पाण्यात बुडवून जुन्यासारखा केला आणि शेपटी पुन्हा भरली. कुठं जोड दिसत नव्हता. त्या दिवशी त्या स्वतःवरच खूश होत्या.

हेमचंद्र द्वारकाबाईंकडे आले तेव्हा चौकट त्यांच्या हातात भानुमतीबाईंनीच दिली. ते बराच वेळ बघत राहिले. मग निळी शेपटी कुठं गेली, असं त्यांनी विचारलं.

"मी नीट केली," बाई म्हणाल्या. "चुकली होती."

द्वारकाबाईंनी चौकट जवळ ओढून पाहिली.

"चुकली नव्हती बाई," त्या म्हणाल्या. "हिरवा दोरा सरला व्हता, अन् दुकानं समदी बंद. आईच्या लुगड्याचे धागे काढून भरलं तिनं. मी शेजारीच बसले व्हते."

मला आधी का नाही सांगितलंत, हे बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी विचारलंच कुठं होतं?

हेमचंद्र एवढंच म्हणाले की आता हे एकट्या त्या मुलीचं काम राहिलं नाही, तिच्या नावानं कसं लावू. चहा घेऊन ते गेले.

"धागे ठिवलेत का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

ते केरात गेले होते. बाईंनी मान हलवली. निळ्या दोऱ्यानं पुन्हा भरून देते, असं त्या कसंबसं म्हणाल्या.

"नको. तुमचा हात लई सफाईचा हाय."

आवाजात राग नव्हता. बाईंना तो असता तर बरं वाटलं असतं.

द्वारकाबाईंनी चौकट उघडून कापड उलटं केलं. पाठीमागं एका गाठीखाली निळ्या धाग्याचं टोक अडकून राहिलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

आता ते कापड द्वारकाबाईंच्या बैठकीत लावलेलं आहे, पाठ बाहेर करून. गाठी दिसतात, नाव उलटं दिसतं. येणारा विचारतो, हे असं का लावलंय? द्वारकाबाई म्हणतात, "बहिणीचं हाय." कधी भानुमतीबाई तिथंच बसलेल्या असतात. पुढचं वाक्य आता येईल म्हणून त्या कपाकडे बघत राहतात. द्वारकाबाई ते वाक्य अजून बोललेल्या नाहीत.