मिरजोळ्याचा लोकरी कोट चिनार बघायला जातो

मी कोट बोलतोय. लोकरीचा, गुडघ्यापर्यंत लांब, आतून जाड अस्तराचा. आणि माझा पत्ता काय, तर मिरजोळे, रत्नागिरी! हसलात ना? हसा. इथे जानेवारीतसुद्धा लोक पंखा लावून झोपतात.

तेवीस वर्षांपूर्वी बोटीवर इंजिनात काम करणाऱ्या हरिश्चंद्रने मला एका परदेशी बंदरातल्या दुकानातून उचललं. घरी येऊन बायकोला, दर्शनाला, म्हणाला, "हा घालून तुला थंडीच्या गावाला नेणार. तिकडे शहरात पानगळीच्या आधी झाडं अशी लाल होतात, रस्तेच्या रस्ते! बघशील तर वेडी होशील."

दर्शनाने मला अंगावर घातलं, आरशात बघितलं आणि घाम पुसत काढून ठेवलं.

पुढे वीस वर्षं मी पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात. नवरात्र झालं की बुरशी झटकायला मला उन्हात टाकायची. शेजारणी विचारायच्या, "काय गो दर्शना, यंदा बर्फ पडणार वाटतं?" असा राग यायचा मला! पण तिला जायला सवड कुठे होती? नवरा दहा-दहा महिने बोटीवर. हापूसची साठ कलमं तिने एकटीने उभी केली. ऑक्टोबरात भातकापणी, ती उरकते तोवर कलमांची फवारणी. झाडं लाल व्हायचे दिवस आणि तिच्या कामाचे दिवस नेमके एकच.

हरिश्चंद्र निवृत्त झाला, लेक अक्षया पुण्याला नोकरीला लागली आणि दोन वर्षांपूर्वी एकदाचं ठरलं. श्रीनगरला जायचं, तशीच लाल होणारी चिनारची झाडं बघायची. ऑक्टोबर संपताना अक्षयाने मोबाइलवर फोटो दाखवला. "आई, लाल व्हायला लागले बघ. लगेच निघूया."

दर्शना हसली. "अगो, लाल म्हणजे कोवळी पानं. आपल्या हापूसची पालवी नाही का तांबडी येत? मग हळूहळू हिरवी होते. आता कुठे सुरुवात आहे. भात झोडून निवांत जाऊ."

कलमं वाढवणारी बाई ती! तिच्या लेखी लाल पान म्हणजे नवं पान. आणि झाडांच्या बाबतीत तिच्यापुढे बोलायची घरात कोणाची टाप? नोव्हेंबर संपताना आम्ही पोचलो. मी पहिल्यांदाच रीतसर अंगावर चढलेलो, नुसता ऐटीत. बागेत शिरून बघतो तर काय, झाडं उघडीबोडकी! खाली पाचोळा आणि तो पोत्यांत भरणाऱ्या बायका.

माझ्या बाहीने दर्शनाने डोळे पुसले, तेव्हा मलाही फार वाईट वाटलं. मग खाली बसून तिने एक पान उचललं, देठ उलटासुलटा करून बघितला. "ही पिकून गळलीत," ती म्हणाली. "कोवळी नव्हतीच. चुकलंच माझं."

पण गप्प बसणारी नव्हे ती. लॉजवाले नझीरभाई, त्यांना तिने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, रंग येतो कशावर? ते म्हणाले, तारखेवर नाही, रात्रीच्या थंडीवर.

"मग हे आपल्या आंब्याच्या मोहोरासारखंच झालं की! तोही रात्री गार झाल्या की येतो," दर्शना म्हणाली.

घरी आल्यावर तिने जाहीर केलं, "अजून एकदा जायचं. तेव्हाही हुकलं तर विषय संपला. हा कोट बोहारणीला देऊन टाकीन." म्हणजे मी एका स्टीलच्या डब्याच्या बदल्यात जाणार! माझा जीव टांगणीला लागला.

गेल्या वर्षी शेजारचे आप्पा वीस ऑक्टोबरची तिकिटं काढून मोकळे झाले. हरिश्चंद्र मागे लागला, "सगळे तेव्हाच जातात. सगळे काय मूर्ख आहेत?"

"अहो, तारीख बघून मोहोर येतो का? रात्री अजून गार नाहीत तिकडे. थांबा जरा."

दर रविवारी ती नझीरभाईंना फोन लावायची. "रात को ठंडी कितना? पान का किनारा दिखाव." इकडे कापणी चाललेली, विळा हातात आणि मोबाइल कानाला. आप्पा हिरवेगार चिनार बघून तोंड पाडून परत आले. हरिश्चंद्र आता उलट्या बाजूने घाबरला. "मागच्यासारखं होईल हां, दर्शना."

मग एका रविवारी नझीरभाई म्हणाले, लागोपाठ तीन रात्री कडक थंडी पडली. फोटोत पानाच्या कडेला पिवळी रेघ आली होती. दर्शनाने विळा खाली ठेवला. "रंग भरायला अजून दहा दिवस. काढा तिकिटं."

निघायच्या आदल्या दिवशी तिकडे वारा-पाऊस झाल्याची बातमी आली. मुंबईच्या विमानतळावर ती माझं वरचं बटण सारखं काढत-लावत होती. तुटलंच असतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या फाटकातून आत शिरलो आणि जिंकलो की हो! शेंड्यापासून खालपर्यंत लाल, केशरी, मधेच तांब्यासारखी पानं. एकही झाड हिरवं नाही, एकही उघडं नाही. नझीरभाई कानाला हात लावून म्हणाले, "दीदी, साल में यही चार दिन होते हैं. आपको किसने बताया?"

"हमारे कलमों ने!" दर्शनाने मान ताठ करून सांगितलं. मीही खांदे ताठ केले.

आता मी दारामागच्या खुंटीवर असतो. आप्पांची सून यंदा मला मागून नेणार आहे आणि कधी निघायचं ते दर्शनाच सांगणार आहे. आता आणखी एक गोष्ट सांगतो आणि तुमचा निरोप घेतो. फक्त मिरजोळ्यात ती कोणाला सांगू नका.

त्या दिवशी झाडाखाली हरिश्चंद्र एक लाल पान बोटांत फिरवत उभा होता. मग हळूच म्हणाला, "दर्शना, रागावणार नसशील तर सांगतो. हे मीही आजच बघतोय. बोट बंदराला लागली की मी इंजिनात. बोटीवरची पोरं फिरून यायची आणि सांगायची. हा कोट घ्यायला म्हणून तासभर उतरलो, तोही रात्री."

दर्शना त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि वर्षानुवर्षं मला सांगत होतात, रस्तेच्या रस्ते लाल म्हणून!"

तो खाली बघायला लागला. ती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारचे लोक वळून बघायला लागले. मग तिने त्याचा हात धरला.

"चला," ती म्हणाली, "त्या पहिल्या झाडापासून सुरुवात करू. मी दाखवते तुम्हाला."