दडवलेला दमा

भिवंडीत बाळाराम शेठच्या तीन मजली इमारतीत खाली यंत्रमाग चालत आणि वर बिऱ्हाडं राहत. सुताचे बारीक तंतू उडून जिन्यात, भांड्यांत, माणसांच्या छातीत जाऊन बसत. १९८९ सालच्या त्या रविवारी दुसऱ्या मजल्यावर कौसल्या कांदेपोहे करत होती. पडघ्याहून पाहुणे यायचे होते, तिच्या द्रौपदीला बघायला.

द्रौपदीला सकाळपासून धाप लागली होती. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप केसरीनाथनं, तिच्या बापानं, कपाटात कुलूपबंद केला होता.

"अवो, चावी द्या. पोरीला श्वास घेववत न्हाय."

"पावनं गेले का देतो. तोंडाला पंप लावताना कुनी बघितलं तर दमेकरी म्हणून नाव पडंल. मंग कोन करंल तिला?"

कौसल्या पोह्यांकडे वळली. बाईनं अशा वेळी गप्प बसायचं, एवढंच तिला आजवर शिकवलं होतं.

द्रौपदीनं पोहे दिले. मुलाच्या आईनं शिक्षण विचारलं, तेव्हा 'नववी' एवढा शब्दही तिच्या तोंडून धड फुटेना.

"लाजाळू हाय जरा," केसरीनाथ हसून म्हणाला.

ती आत आली आणि आईच्या अंगावरच कोसळली. ओठ निळे पडले होते. कौसल्याच्या किंकाळीसरशी केसरीनाथ धावला, पाहुण्यांदेखत त्यानं कुलूप उघडलं. पण औषध आत ओढायला पोरीत श्वासच उरला नव्हता. रिक्षा दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.

दहाव्याला इमारतीतली माणसं जमली.

"हार्ट फेल झालं," केसरीनाथ सांगत होता.

"न्हाय!" कौसल्या उठून उभी राहिली. "दम्यानं गेली माझी पोर. घरात औषध होतं, आमी दिलं न्हाय."

केसरीनाथ भिंतीकडे तोंड करून रडू लागला. मग शेजारची शांताबाई हळूच म्हणाली, "माझ्या सुनंला बी दमा हाय, हितं आल्यापासनं. म्हायेरी कळू दिलं न्हाय आमी."

"माझ्या कमळीला बी," वरच्या मजल्यावरची हौसा म्हणाली.

वर्षानुवर्षं एकाच जिन्यानं चढत-उतरत होत्या त्या, पण एकीचं दुखणं दुसरीला ठाऊक नव्हतं.

तशाच त्या खाली उतरल्या आणि मागांच्या दारात उभ्या राहिल्या. सुताचे तंतू वर येतात, खिडक्यांना जाळ्या लावा, नाहीतर माग दुसरीकडं हलवा, असं त्यांनी शेठला सांगितलं.

"पर इतकी वर्सं कुनाची तक्रार न्हवती," शेठ म्हणाले.

"होती, शेठ," कौसल्या म्हणाली. "पोरींची लग्नं व्हावीत म्हणून आमीच त्या तक्रारीचं तोंड दाबून धरलं होतं."

त्या दिवशी शेठनी माग बंद करेपर्यंत एकही बाई दारातून हलली नाही.