शिंप्याच्या टीव्हीवरची यादी

पूर्वी पाहुणा घरात आला की पाणी मागायचा. आता तो आधी पासवर्ड मागतो, आणि पाणी समोर आलं तर म्हणतो, "ठेवा तिथं, जरा जोडून घेतो." काळ बदलला, तहान बदलली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या नव्या तहानेपायी एका भल्या बाईची वीस वर्षांची अब्रू कशी टांगणीला लागली, ते ऐका. थोडं मीठमसाला माझा असेल, गोष्ट मात्र खरीच समजा.

ताईंची रक्त तपासायची लॅब तळमजल्यावर होती. पुढं बसायची खोली, मागं यंत्रांची खोली. भिंती अशा जाड की फोनची रेंज उंबऱ्यापाशी येऊन परत जायची. मग बसलेली माणसं करणार काय? एक गृहस्थ तर सगळ्या फरश्या मोजून ताईंना म्हणाले, "दोनशे अठरा. कोपऱ्यातली एक तुटकी आहे, ती धरलेली नाही."

रक्त काढायचं काम मावशींचं. त्यांचा हात इतका हलका, की एक आजोबा रक्त देऊन घरी गेले, जेवले, झोपले आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाले, "चला, आता घ्या बाई रक्त." मावशींच्या कानावर वीस वर्षांत काय काय पडलं असेल! पण त्या तोंडातून बाहेर पडायच्या त्या फक्त दोन गोष्टी: "मूठ आवळा" आणि "झालं."

तर माणसांचा कंटाळा जावा म्हणून ताईंनी एक पांढरा डबा आणला. ताटलीएवढा, चपटा. ॲक्सेस पॉइंट असं त्याचं भारदस्त नाव. तारेतून येणारं इंटरनेट हवेतून वाटायचं, एवढंच त्याचं काम. ताईंनी मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या जाळ्यातली एक तार ओढून त्याला जोडली, दोन खोल्यांमधल्या कपाटावर त्याला बसवलं आणि मोबाइलवर त्याचं पान उघडलं. पानानं विचारलं, "कारखान्यातून आलेला पासवर्ड आता बदलायचा का?" खाली दोन बटणं होती. 'आता' आणि 'नंतर'.

ताईंनी 'नंतर' दाबलं. हातातलं काम सोडून कोण बदलत बसणार?

वायफायचा पासवर्डही त्यांनी सगळ्यांना सोपा जावा असा ठेवला, एकपासून आठपर्यंतचे आकडे ओळीनं. "उपाशीपोटी या" या पाटीखालीच तो ठळक लिहून टाकला. पंधरा मिनिटांत काम फत्ते! माणसं खाली माना घालून गप्प बसू लागली. फरश्या मोजणं बंद झालं. ताई खूश.

तीन आठवडे गेले. मंगळवारी दुपारी दार धाडकन उघडलं आणि शाळेतल्या मास्तरीणबाई आत आल्या. चेहरा लाल, हातात पिशवी.

"ताई, माझा रिपोर्ट तुम्ही कुणाकुणाला दाखवलात?"

"कुणालाच नाही! का हो?"

"मग टेलरदादांना कसं कळलं?" मास्तरीणबाईंचा आवाज फाटला. "ड्रेसचं माप द्यायला गेले, तर ते म्हणतात, 'बाई, अभिनंदन! शिलाईत दोन बोटं कापड जास्त ठेवतो, पुढं उसवायला बरं.' दुकानात चार बायका होत्या. त्यांत माझी जाऊ!"

ताईंनी खुर्ची पुढं केली. मास्तरीणबाई बसल्या नाहीत.

"दोनदा माझं असंच झालंय, ताई. दोनदा सगळ्यांना सांगितलं, आणि दोनदा सगळ्यांना 'राहिलं नाही' असंही सांगत फिरले. या वेळी ठरवलं होतं, तीन महिने कुणाला कळू द्यायचं नाही. नवऱ्यालासुद्धा आज संध्याकाळी सांगणार होते. त्याच्या आधी शिंप्याला कळलं!"

एवढं बोलून त्या गेल्या. दार मात्र या वेळी त्यांनी हळूच लावलं, आणि ताईंना तेच जास्त लागलं.

ताई मागच्या खोलीत गेल्या. रिपोर्ट ठाऊक होता कुणाला? त्यांना स्वतःला, मावशींना आणि यंत्राला. यंत्राला तोंड नाही. आणि कालच मावशी आपल्या सुनेचं कापड घेऊन शेजारच्या टेलरदादांकडे गेल्या होत्या. दोन अधिक दोन चार! हिशेब इतका सोपा निघाला की ताईंनी तो पुन्हा तपासलाच नाही.

"मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"कसली?"

"काल टेलरदादांकडे काय बोललात?"

"बाह्या लांब ठेवा म्हटलं."

"आणि मास्तरीणबाईंचं?"

मावशींनी पांढरा कोट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. "वीस वर्षांत हेच कमावलं म्हणायचं," एवढंच म्हणाल्या.

"उद्यापासून येऊ नका," ताई म्हणाल्या. शब्द गेला तो गेला.

पुढच्या खोलीत दंडावर कापूस दाबून एक म्हातारा बसला होता. त्याला सगळे कुलूपआजोबा म्हणत. उभा जन्म त्यानं कुलपं करण्यात आणि हरवलेल्या किल्ल्यांची कुलपं उघडण्यात घालवला. आता त्याची मुलगी कचेऱ्यांमध्ये इंटरनेटच्या तारा आणि डबे बसवायची, आणि हा तिची शिडी धरायचा. "मुलगी वर चढते, शहाणपण खाली गळतं, ते मी गोळा करतो," असं म्हणायचा.

"ताई," तो बसल्या जागेवरून म्हणाला, "एक विचारू? चोर पकडायच्या आधी घराला दारं किती, ते मोजलंत का?"

"आजोबा, तुम्ही कापूस दाबा."

"दाबतोय की. पण मी एका सावकाराच्या तिजोरीला सात कुलपं केली होती बरं का. सातवं असं, की उघडायला बसलं तर माणसाची दाढी वाढायची. तरी चोरी झाली. सावकारानं नोकराला हाकललं. पुढं कळलं, तिजोरीला मागची बाजूच नव्हती. भिंतीला टेकवली होती म्हणून कुणी बघितली नाही! आधी टेलरला तर विचारा, त्याला कुठून कळलं ते."

खरंच की! इतकी साधी गोष्ट ताईंना सुचली नव्हती. राग आला की माणूस उत्तर आधी ठरवतो आणि प्रश्न नंतर शोधतो.

तिघंही शेजारी गेले. मावशी यायला तयार नव्हत्या. आजोबा म्हणाले, "आरोपीनं हजर राहायचं असतं," तेव्हा आल्या.

टेलरदादा गळ्यात टेप अडकवून नव्या टीव्हीवर गाणी ऐकत बसले होते. "या, या! कुणाकडून कळलं म्हणता? कुणाकडून काय, टीव्हीवरूनच!"

"टीव्हीवर?" ताई ओरडल्याच.

"मग! नवीन टीव्हीला इंटरनेट लागतं. आपल्यामधली भिंत तेवढी पातळ, पलीकडं तुमचं फुकट होतं. पासवर्ड तर पाटीवरच आहे. जोडला. गाणी शोधताना हे निघालं बघा." त्यांनी रिमोटची चार बटणं दाबली. पडद्यावर 'जवळची उपकरणं' असं आलं, त्यात ताईंचा कॉम्प्युटर, त्यात 'रिपोर्ट' नावाचा फोल्डर. आणि मग यादी.

ताईंची एक सवय होती. फाइल पटकन सापडावी म्हणून त्या नावातच सगळं लिहायच्या: माणूस, तपासणी आणि निकालसुद्धा. फाइल उघडायची गरजच नको! ती अख्खी यादी आता त्रेचाळीस इंची पडद्यावर उभी होती. दूधवाल्याची साखर. वरच्या मजल्यावरच्या वकिलांचं यकृत. एका तरुण मुलाची अशी एक तपासणी, जी करून घ्यायला तो टोपी डोळ्यांवर ओढून आला होता. आणि मास्तरीणबाईंच्या नावापुढं, 'आहे'.

"अहो, बंद करा!" ताईंनी टीव्हीसमोर उभं राहून दोन्ही हात पसरले. पण दोन हातांनी किती झाकणार?

टेलरदादा गोंधळले. "मला वाटलं, परीक्षेचा निकाल लावतात तसं तुम्हीच लावलंय. माणूस आनंदाची बातमी बघून गप्प कसा बसेल? काही चुकलं का?"

ताईंनी वळून मावशींकडे बघितलं. मावशी यादीकडे बघतच नव्हत्या. त्या पाठ फिरवून दाराशी उभ्या होत्या. लोकांचे निकाल असे बघायचे नसतात, एवढं त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नव्हती.

"मावशी..." ताईंनी पसरलेले हात जोडले. "चुकले मी!"

"आधी ते बंद करा," मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मग माझं बघू."

लॅबमध्ये परत येताच ताईंनी डब्याची तार उपटली.

"उपटून काय होणार?" आजोबा म्हणाले. "दार वाईट नव्हतं, दाराला कडी नव्हती. आणा तो मोबाइल."

ताईंना आता राहवेना. "पण मी पाहुण्यांना इंटरनेट दिलं, आजोबा. कॉम्प्युटर थोडाच दिला होता?"

"तुम्ही दोन्ही एकाच जाळ्यात बांधलंत. बसायच्या खोलीत बोलावलेला माणूस कपाटाशी पोचला. मधे भिंतच नाही."

"मग भिंत घालता येते?"

"येते की. हा डबा एकटा दोन जाळी चालवतो. एक तुमच्या कामाचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांना बाहेरचं जग दिसेल, तुमचं आतलं घर नाही, आणि एकमेकांचे फोनही नाहीत."

मग कामाला सुरुवात झाली. डब्याच्या पानावर शिरायला कारखान्याचा पासवर्ड चालला, तेव्हा आजोबांनी कपाळाला हात लावला. "ही किल्ली जगातल्या अशा प्रत्येक डब्याला लागते! टेलरदादांनी मनात आणलं असतं तर लॅबच्या वायफायला स्वतःच्या दुकानाचं नाव दिलं असतं." आधी ती बदलली. मग तार पुन्हा जोडली आणि डब्याला आतल्या प्रोग्रामची नवी दुरुस्ती उतरवून घ्यायला लावली. दोन्ही जाळी वेगळी करून त्यांना दोन नवे पासवर्ड दिले, आणि हवेतलं बोलणं कुलूपबंद करायची सगळ्यात नवी पद्धत निवडली. एक बटण दाबून कुणालाही जोडून घेण्याची सोय होती, ती बंद केली. कॉम्प्युटरवरच्या फोल्डरला वेगळा पासवर्ड लावला. आणि ताईंनी स्वतः बसून एकेका फाइलच्या नावातला निकाल खोडला. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ताईंनी तो वेळ कुणाला वाटून दिला नाही.

"आता तपासा," आजोबा म्हणाले. "कुलूप लावून ओढून न बघणारा माणूस कुलूप लावतच नाही."

पाहुण्यांच्या जाळ्याचा पासवर्ड घेऊन ताई शेजारी गेल्या. टेलरदादांनी बटणं दाबली. गाणी लागली. यादी? गायब!

तेवढ्यावर ताई थांबल्या नाहीत. त्याच संध्याकाळी मास्तरीणबाईंच्या घरी गेल्या आणि दारातच म्हणाल्या, "मावशींनी सांगितलं नाही, टेलरदादांनी चोरलं नाही. दार मी उघडं ठेवलं होतं. यादीत ज्यांची ज्यांची नावं होती, त्या सगळ्यांच्या दारी मी जाणार आहे. पहिलं तुमचं." मास्तरीणबाईंनी अर्धवट उघडलेलं दार पुरतं उघडलं. मग म्हणाल्या, "आत या. राग गेलेला नाही. पण या."

दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर आल्या, पण कोटाला हात लावेनात.

"माफ करा, मावशी. काय करू म्हणजे कोट घालाल?"

"डब्याची मुख्य किल्ली कुणाकडे असणार?"

ताईंनी क्षणभर विचार केला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. मावशींनी पाठ वळवून एक लांबलचक पासवर्ड घातला, कागदावर लिहिला, पाकिटात घालून चिकटवला आणि औषधांच्या कपाटात कुलपाआड ठेवला. मग कोट घातला. "वीस वर्षं गावाची गुपितं सांभाळली. त्यात हे एक."

"आणि मी विचारलं तर?"

"मूठ आवळा," मावशी म्हणाल्या.

मंडळी, आपण म्हणतो, "आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" नसेल तुमचं! पण तुमच्या फोनमध्ये, दुकानात, कचेरीत दुसऱ्यांनी विश्वासानं ठेवलेलं किती असतं, ते कधी मोजलंत? दाराला कडी लावायची ती आपल्या मालासाठी नव्हे, दुसऱ्याच्या ठेवीसाठी. आणि ठेव फुटली, तर जवळच्या माणसावर बोट ठेवण्याआधी आपण कुठं 'नंतर' दाबलं होतं, ते आठवावं. आज घरी जाल तेव्हा त्या पांढऱ्या डब्याकडे एकदा बघाच.

मास्तरीणबाईंचं काय झालं? गल्लीत आता सगळ्यांना ठाऊक होतं, पण टेलरदादांनी पुढचे महिने तोंडात टाचण्या धरून काढले आणि बाकीच्यांनाही दटावून गप्प बसवलं. मास्तरीणबाई मापाला आल्या की ते हवापाण्याबद्दल बोलायचे. चौथ्या महिन्यात एकदा बाईंनीच दुकानात ड्रेस पुढं केला आणि हसत म्हणाल्या, "दादा, ती दोन बोटं आता सोडा."

टेलरदादांनी टाचण्या काढल्या, चेहरा आश्चर्याचा केला आणि विचारलं, "का हो बाई? काही विशेष?"